ॲम्प्लिफायरची खोळ

आमच्या घरात टीव्ही नव्हता, पण गल्लीतल्या बहुतेक टीव्हींच्या खोळी आमच्याच घरात शिवल्या जायच्या. आई शिवायची. बाबा गुळाच्या बाजारात हमाल. घरी आले की सदऱ्याला चिकट गोड वास आणि पाठ भिंतीला. ते स्वतःहून उठेपर्यंत त्यांच्याकडं कुणी काही मागायचं नाही. आई सतत मशिनवर. ब्लाउज, परकर, आणि सणाच्या तोंडावर टीव्हीच्या, मिक्सरच्या, रेडिओच्या खोळी. कडेला झालर, मधोमध फूल. ज्या वस्तू आमच्याकडं नव्हत्या, त्यांची मापं मला पाठ होती. बाबांची पाठ धरली की घर मशिनवर चालायचं, आणि मशिन बिघडलं की कशावरच चालायचं नाही.

त्या घरातून मी बी.एस्सी. झालो. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. घराण्यात पहिला. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो, आणि सांगणारच.

मनासारखी नोकरी मिळेना, तेव्हा कोल्हापुरात स्टँडच्या मागच्या रस्त्याला एक अरुंद गाळा घेतला आणि गाड्यांना टेप, स्पीकर, ॲम्प्लिफायर बसवून द्यायला लागलो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. गडहिंग्लज, गारगोटी, नेसरीकडं माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपांना आवाजाचं वेड लागलेलं. ज्याच्या जीपचा दणका मोठा, त्याची सीटं आधी भरणार, असा हिशेब. बाबांना मात्र हे पटत नव्हतं. "एवढं शिकून वायरींचं झाळकाम करतोस," म्हणायचे. त्यांच्या अडत्याकडं कारकुनाची जागा होती. दसऱ्यापर्यंत दुकान रुळावर आलं नाही तर तिथं जायचं, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं.

आईचं वेगळं. पहिला ॲम्प्लिफायर विकला गेला त्या दिवशी तिनं तो हातात घेतला, चारी बाजूंनी वीत लावून मापला आणि दुसऱ्या दिवशी त्याला मखमली खोळ शिवून दिली. मरून रंगाची, पिवळी झालर, खाली ओढून बांधायला नाडी. "धुरळा जातोय आत. तुझ्या दुकानचा माल हाय, झाकून दे की." ड्रायव्हर लोक हरखले. तेव्हापासून प्रत्येक ॲम्पबरोबर खोळ जायला लागली, आणि खोळीसाठी म्हणून गिऱ्हाईक यायला लागलं, हेही खरं.

मग ॲम्प परत यायला लागले.

आधी एक. मग एकामागून एक. तक्रार सगळ्यांची तीच: अर्धा रस्ता छान वाजतो, मग तापतो, मग गप्प. काहींचे आतले ट्रान्झिस्टरच जळालेले. मी नवे घालायचो, टेबलावर बॅटरी लावून सकाळपासून वाजवत ठेवायचो. वर हात ठेवून बसायचो. कोमट. दिवसभर कोमट. गाडीत गेला की पुन्हा तवा.

माझं कशात लक्ष लागेना. रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून दारात यायचो. जेवताना मधेच उठून पुस्तकं उघडायचो, कॉलेजच्या वह्या उपसायचो. स्पीकर जादा जोडलेत का? कमी केले. वायर बारीक आहे का? जाड ओढली. गाडीच्या बॉडीला जिथं अर्थिंगची वायर जोडली होती, तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. आवाजाचा स्क्रू मागं फिरवला. प्रत्येक वेळी थोडा फरक पडायचा, दोष कमी व्हायचा, आणि जायचा नाही. जाता-येता जीप दिसली की कान तिच्यामागं धावायचा: वाजतेय का अजून?

स्टँडवर चेष्टा सुरू झाली होती. गडहिंग्लज लाइनचा एक जुना ड्रायव्हर होता, सगळे त्याला मामा म्हणायचे, आणि तो म्हणेल तिकडं सगळा स्टँड जायचा. तो एक दिवस ॲम्प काखोटीला मारून आला आणि माझ्या टेबलावर आदळला.

"इंजिनेर, ह्याच्यावर चा ठेवू का? दूध तेवढं आणा."

"मामा, परवाच तर नवीन पार्ट घातलेत."

"घातलासा की. संकेश्वर बी गाठलं न्हाई त्यानं. हे बगा, आता एकदाच. पुन्यांदा बंद पडलं तर म्या दुसऱ्याकडनं घेनार, आन् स्टँडवर सगळ्यांस्नी सांगनार, कॉलेजवाल्याचा माल निसता फुगा हाय म्हणून."

दसरा तोंडावर आला होता. मी ॲम्प दुरुस्त केला, गाडीत बसवून दिला, पण घरी स्वस्थ बसवेना. दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानाला कुलूप घातलं आणि मामाच्या जीपमध्ये जाऊन बसलो.

"कुठं, गडिंग्लजला?" मामानं विचारलं.

"जिथं बंद पडेल तिथवर."

जीप नेहमीप्रमाणं खच्चून भरली. मी पुढं, गिअरच्या दांड्याला गुडघा चुकवत. कागलपर्यंत दणदणीत वाजलं. कागल सुटलं आणि माझी बोटं आपोआप मांडीवर ठेका धरायची थांबली. आवाज आधी फाटला, मग गेला.

मागून एक म्हातारी म्हणाली, "मामा, बँड जेवाय गेला व्हय?" सगळी जीप हसली. मामा हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"थांबवा," मी म्हणालो. "सगळ्यांना उतरवा."

"पावणं, उतरा जरा. इंजिनेर नाडी बघनार हाईत." लोक कुरकुरत उतरले. कोंबडी, पिशव्या, पोरं, सगळं रस्त्याच्या कडेला. मी मधलं सीट उचललं.

खाली आईची खोळ होती. मरून मखमल, पिवळी झालर, नाडीला घट्ट दुहेरी गाठ. आत ॲम्प. मी वरून हात ठेवला आणि झटकन काढला.

"मामा, ही खोळ घालून वाजवता?"

"मग? तुमच्या आईनं शिवलीया. काढायची कशी?"

"पण दुकानात आणता तेव्हा तर नसते."

"तुमच्या टेबलावर तेल, राख, काय काय अस्तंय. खोळ मळंल न्हवं? घडी घालून डॅशबोर्डात ठेवतो, म्हागारी जाताना चढीवतो."

"अहो, टीव्ही लावताना टीव्हीची खोळ काढता ना?"

"टीव्ही बगाय लागतोय इंजिनेर. हे ऐकायचं हाय. बगायचं कशाला?"

ॲम्पच्या अंगावरच्या पट्ट्या उष्णता हवेत टाकायला असतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्याच पट्ट्यांवर अस्तर लावलेली मखमल. गाठ सोडून खोळ काढली, सीट थोडं उचलून फटीत विटेचा तुकडा सारला, हवा खेळायला लागली. लोक पुन्हा चढले, आणि ॲम्प गार झाल्यावर मामानं बटण दाबलं. गडहिंग्लज आलं, तरी वाजत होतं.

परतीच्या वाटेवर दुसरीच घालमेल. आईला सांगायचं कसं? रस्ताभर वाक्यं जुळवली, एकही धड जमलं नाही. घरी गेलो तेव्हा ती दसऱ्यासाठी नव्या खोळींची मखमल कापत होती. मी दुकानातला ॲम्प आणला, खोळ चढवली, जोरात वाजवत ठेवला. तिला वाटलं, मी ऐकवतोय. ती मान डोलवत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणालो, "आता हात लाव."

तिनं हात लावला आणि पदराआड घेतला.

"अगं बाई! ह्यो तर तवाच की. म्या तव्याला वाकळ शिवली व्हय?" मग माझ्यावरच उखडली. "आन् तू रं? येवढा शिकलास, तुला न्हाई कळलं?"

"गाडीत बघितलं तेव्हा कळलं."

"मग आदी का न्हाई बसलास गाडीत? ऊठ आता, मापाची टेप धर." कापलेली मखमल तिनं पुन्हा पसरली. "सीटाला तर तापायची भानगड न्हाई न्हवं?"

दसऱ्याला मामाच्या जीपची पूजा झाली. झेंडूचा हार, ऊस, आणि मरून मखमलीची, पिवळ्या झालरीची सीटकव्हरं. बाबा स्टँडवर आले होते. सीट उचलून वाजत्या ॲम्पवर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ. हात काढावा लागला नाही.

कारकुनाच्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर आमच्या दुकानातून गेलेला एकही ॲम्प तापून परत आला नाही. दुकान आजही त्याच रस्त्याला आहे, शेजारचा गाळा घेऊन तिथं सीटकव्हरं शिवतात, आणि पाटीवर दुकानाच्या नावाखाली माझी डिग्री लिहिलेली आहे.