पेन्सिलीतले शेरे

आमच्या हेडक्लार्कना ऑफिसात मागून सगळे जपूनराव म्हणायचे. सही करताना जपून, जिना उतरताना जपून, चहा गरम आहे, जपून. ते नाव मीच ठेवलं होतं. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं काढली आणि त्यांच्या काळजीखोर स्वभावाला तेवढीच वर्षं हसले.

आमचं काम सैनिकांच्या नोंदी ठेवण्याचं. प्रत्येकाचा एक तक्ता. भरती, बदल्या, रजा आणि काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं ते. त्या रकान्यात शाईने बहुतेक आईचं नाव असायचं. पण सुटीवर निघालेली पोरं जपूनरावांच्या टेबलाशी रेंगाळायची आणि हळूच काहीतरी सांगायची. ते जपूनराव समासात पेन्सिलीने टिपायचे. 'वडिलांना ऐकू येत नाही, मेहुण्याला सांगणे.' 'बायको पोटुशी आहे, तोवर भावाला.' नियमात पेन्सिलीला जागाच नव्हती. म्हणून तर पोरं तिथे खरं सांगायची.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेची ती नवी प्रणाली आली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, खोटं कशाला बोलू? रजेच्या अर्जांचा ढीग ती तासाभरात निकालात काढायची, पत्रांचे मसुदे माझ्यापेक्षा बरे लिहायची आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर घरी जायला लागले. पण तिला माहिती पुरवायची तर आधी सगळे तक्ते स्कॅन करायला हवे होते. हुकूम आला, कागद स्वच्छ हवेत, फक्त शाईतली नोंद ग्राह्य. समासात हे काय लिहिलंय असं वरून कोणी विचारलं तर? जपूनरावांचं धाबं दणाणलं. पंधरा दिवस आम्ही दोघं बसून खोडत होतो. "हे कुठेतरी उतरवून घेऊ या का?" असं ते एकदा म्हणाले.

"तीन हजार तक्ते आहेत काका," मी म्हटलं. "आणि तुमच्या डोक्यात आहेच की सगळं."

नव्हतं. स्कॅन झाल्यावर मूळ कागद यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या केल्या आणि जपूनरावांची झोपच उडाली. डबा अर्धा तसाच परत जायला लागला. एका वहीत आठवेल तसं लिहायचे, काट मारायचे, पुन्हा लिहायचे. "हा मेहुणा याचा की त्याचा गं?" असं दिवसातून दहादा मला विचारायचे. मला मेला वैताग यायचा. आजवर काही झालंय का, असं मी फटकन बोलूनही गेले होते.

एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला खबर आली. सरावात गाडी उलटून एक शिपाई गंभीर जखमी झाला होता, त्याचा पाय काढावा लागला होता. प्रणालीने मिनिटभरात निरोप तयार केला, साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि निरोप आईच्या मोबाइलवर गेला. त्यात एक चूक शोधून सापडली नसती. जपूनरावांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"याचं काहीतरी होतं," ते म्हणाले. "आईला छातीचा त्रास... आधी बहिणीला... का तो दुसरा कोणी?"

"आईला फोन लावा ना!"

"आणि काय सांगू? मेसेज वाचू नका म्हणून?"

मला आठवत होतं. 'आईला एकदम सांगू नये,' त्याखाली बहिणीचा नंबर आणि त्याखाली दोन रेघा.

"तोच आहे काका," मी म्हटलं. "मीच खोडलाय तो शेरा."

त्याच्या आईचं घर बारा किलोमीटरवर होतं. मी स्कूटर काढली, जपूनराव मागे बसले. दुसऱ्या सिग्नलला दिवा पिवळा झाला तेव्हा मागून आवाज आला, "घाल, घाल पुढे." मी घातली. रस्ताभर मला ती बाई जमिनीवर पडलेली दिसत होती.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मला रडूच आलं असतं.

"मगाशी फोन वाजला," आमच्याकडे वळून ती म्हणाली. "मला वाचता येत नाही, आणि शेजारीण बाहेर गेलीये. तिचीच वाट बघतेय. तुम्ही वाचता का जरा?"

तिने फोन पुढे केला. जपूनरावांनी तो घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तुम्ही कोण पण?"

"तुमच्या मुलाच्या ऑफिसातले," ते म्हणाले. "आधी बसा बघू तुम्ही. मुलगी कुठे असते तुमची? तिला बोलावून घेऊ."

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातलं ओलं फडकं तिने बादलीत टाकलं.

"ऑफिसातलं माणूस उगाच दारात येत नाही. जिवंत आहे का, तेवढं सांगा."

"आहे," जपूनराव म्हणाले. "जिवंत आहे. देवाशपथ."

ती पायरीवर बसली. एक हात छातीवर दाबून बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. आम्हाला हलायची छाती झाली नाही. मग तिने जपूनरावांच्या हातातून फोन काढून घेतला आणि शेजारी पालथा ठेवला.

"आता सावकाश सांगा," ती म्हणाली. "आणि काही गाळू नका."