डोरकास आणि खालची ओळ

डोरकास अमानक्वा माझ्या घराच्या पुढच्या खोलीत अंत्यविधीला वाटायच्या पुस्तिका तयार करते, गेलेल्याचा फोटो आणि सगळ्या नातेवाइकांची नावं असलेल्या. आमच्या कोफोरिडुआ गावात माणसाला शनिवारी पुरतात आणि पुस्तिका त्याआधी छापून यावी लागते. माझे पती गेले तेव्हा त्यांची पुस्तिकाही तिनंच केली. फोटोत तिनं त्यांचा टाय सरळ केला होता; मला ते जन्मभर जमलं नाही.

तिच्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं, पण कुणाकडून तरी उतरवून घेतलेलं. पडदा मध्येच काळा व्हायचा आणि ही प्रत खरी नाही, असं बजावायचा.

"माहीत आहे रे बाबा," डोरकास म्हणायची, "गिऱ्हाइकांसमोर कशाला सांगतोस?"

गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे. एकदा एका वारलेल्या शिक्षकाचा एकुलता एक फोटो त्यात गेला. त्याची बहीण दुपारभर पायरीवर बसून होती. शेवटी चौकटीत मेणबत्तीचं चित्र टाकावं लागलं.

"आंटी, मी त्याला दुसऱ्यांदा मारलं," डोरकास मला म्हणाली. त्या दिवसापासून तिला त्या विंडोजमधून सुटायचं होतं.

तिची भाची सेर्वा पॉलिटेक्निकमध्ये शिकते. तिनं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं.

"फुकट आहे, चोरीचं नाही, आणि हे व्हायरस त्याला लागत नाहीत, आत्या."

"फुकट? मग खोट कुठे आहे?"

"खोट एवढीच, की गावात दुसऱ्या कुणाकडे नाही."

डोरकास हसली. पुढचे काही आठवडे ती काम करताना स्तोत्रं गुणगुणत असे. मशीन तिला चोर म्हणत नव्हतं.

मग ओपोंग घराण्याचं काम आलं. डोरकासनं पानं नीट जुळवून छापखान्यात दिली. तिथे विंडोज. तिच्याकडच्या फॉन्टची अक्षरं तिथे नव्हती, म्हणून मशीननं स्वतःच दुसरी घातली. ती जरा रुंद होती. ओळी वाढल्या, आणि पानाच्या तळाचं कुळप्रमुखांचं नाव घसरून पुढच्या पानावर, जावयांच्या यादीत जाऊन बसलं. कुणी पाहिलंच नाही.

शनिवारी मी मांडवात होते. कुळप्रमुखांनी चष्मा लावून पुस्तिका उघडली.

"मी या घरचा जावई कधी झालो?" त्यांनी विचारलं. "आणि माझी बायको कोण? माझीच भाची?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्यांना तेच जास्त लागलं. डोरकासला रिवाजाप्रमाणे मेंढा आणि श्नॅप्स दारूची बाटली घेऊन माफी मागायला जावं लागलं. पुढे दोन घराण्यांनी आपलं काम परत नेलं.

"आत्या, पानं पीडीएफमध्ये कुलूपबंद करून पाठव ना," सेर्वा म्हणाली. "मग काही हलणार नाही."

"आणि शुक्रवारी एखादा मामा रुसून बसला, माझं नाव का नाही म्हणून, तर? छापखानेवाला ते कुठे घालणार? तुझ्या डोक्यावर? नावं शेवटपर्यंत वाढतातच. त्याला पान उघडंच लागतं, आणि त्याच्यासारखंच विंडोजवर केलेलं लागतं."

सेर्वा मशीनसमोर बसली. तिनं तेच उतरवलेलं विंडोज पुन्हा घातलं, पण लिनक्सही ठेवलं. आता मशीन सुरू केलं की दोन ओळी दिसतात, वर लिनक्स आणि खाली विंडोज. काही केलं नाही तर वरची आपोआप उघडते. डोरकास रोज बाण दाबून खाली येते.

काल मशीन सुरू होत असतानाच एक बाई आली, काळ्या कपड्यातली, पेनड्राइव्ह मुठीत धरून.

"कुणाचं आहे?"

"आईचं."

"फोटो किती?"

"एकच."

डोरकासनं बाणावरचं बोट उचललं. वरची ओळ उघडली. फोटो सुखरूप उतरला. फुलांच्या कापडातली एक हसरी बाई. लेक पडद्याजवळ वाकून बघत राहिली.

"छान आहे," डोरकास म्हणाली. "इथे राहील हा. इथे त्याला काही होत नाही."

"मग लगेच सुरू करता?"

"इथे नाही."

तिनं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि खालचा बाण दाबला. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. ही प्रत खरी नाही.

"माहीत आहे," डोरकास म्हणाली, आणि नावं विचारायला लागली.