फोटोतलं बाळसं

फोटोशिवाय वाटप झालं असं मी मानतच नसे. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात दिवसभर माझ्या तोंडी एकच वाक्य होतं, "ताई, फोटो टाका." अंगणवाड्यांना कुलूप लागलं होतं. पोरांची दुपारची गरम खिचडी बंद झाली होती आणि तिच्या जागी कोरडा शिधा घरोघर पोचवायचा होता. गहू, मूगडाळ, हरभरा, साखर, तिखट, हळद, मीठ. साथ पसरेल म्हणून वहीवर सह्या-अंगठे घ्यायचे नाहीत, असं ठरलं. मग शिधा पोचला हे कळायचं कसं? तर आईनं एका हातात पिशवी धरायची, कडेवर पोर घ्यायचं आणि सेविकेनं लांबून फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकायचा.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. राहायला शिरूरला. माझ्याकडे शिरूर तालुक्यातली भीमेकाठची गावं होती आणि नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातल्या काही गावांचा जादा भारही त्या वर्षी माझ्याच गळ्यात पडला होता. अलीकडची गावं मी स्कूटीवर फिरून बघायचे. पलीकडची फोनवर सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे ओरडायचे. माझा आवाज मोठा आणि धीर कमी. माझा फोन आला की सेविका तो कानापासून हातभर लांब धरतात, हे त्यांच्यातल्याच एकीनं मला पुढं कधीतरी हसत हसत सांगितलं.

दर महिन्याला आम्ही पोरांची वजनं घेतो, तीही बंद झाली होती. पोरांना हात लावायचा नाही, असं वरून आलं होतं. ते मी खाली सांगताना तिखटमीठ लावून सांगितलं. म्हटलं, ज्या ताईनं पोराला हात लावला, तिनं दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही. माझ्या घरात दम्याच्या सासूबाई होत्या. भीती मलाही होती आणि भ्यायले की मी असंच बोलते.

पलीकडच्या एका गावाच्या शिवारात उसाची गुऱ्हाळं आहेत. उत्तर प्रदेशातली माणसं हंगामाला बायकापोरांसकट येतात आणि गुऱ्हाळाशेजारीच खोप घालून राहतात. त्यांतल्या एका घरात दीड वर्षाची मुलगी होती. एका दुपारी तिचा फोटो ग्रुपवर आला. आई पदर डोक्यावर घेऊन उभी, हातात शिध्याची पिशवी, कडेवर पोरगी. गाल वर आलेले, हातपाय भरलेले. बाकीच्या फोटोंत पोरं कशी उन्हानं सुकलेली दिसत होती. मी ताबडतोब लिहिलं, "वा, छान बाळसं धरलंय." आणि बीटमधला, म्हणजे माझ्याकडच्या सगळ्या गावांतला, सगळ्यात चांगला फोटो म्हणून वरच्या कार्यालयाला पाठवूनही दिला.

संध्याकाळी त्या गावच्या सेविकेचा फोन आला. माझ्यापेक्षा वयानं मोठी, कमी बोलणारी बाई.

"मॅडम, गुऱ्हाळावरची ती पोरगी मला बरी वाटंना. लई किरकिरती. मांडीवरनं खालीच उतरंना."

"शिधा मिळाला ना तिला?"

"मिळाला की. फोटू टाकलाय."

"बघितला मी फोटो. गुटगुटीत तर आहे. उन्हाळ्याचं पोर किरकिरणारच."

 ती "बरं मॅडम" म्हणाली. मला दुसरा फोन येत होता, शिध्याची गाडी कुठल्याशा नाक्यावर अडकली होती, म्हणून मी तिचा फोन ठेवून दिला.

त्यानंतर आठवड्याभरानं त्या गावात रुग्ण सापडला आणि गाव बंद झालं. मी शिरूरला घरातच टेबल मांडून अहवाल करत होते. मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा, असे एकाच बाळाचे दोन फोटो शेजारी-शेजारी लावायचे होते. मला अर्थातच ती गुऱ्हाळावरची मुलगी आठवली. तिचे दोन्ही फोटो शोधून काढले आणि पिशवीवरचा छाप नीट वाचता यावा म्हणून मोठे केले.

पोरीच्या डाव्या पायात काळा दोरा होता. मागच्या महिन्यात तो घोट्यावरून खाली पावलावर घसरलेला. पाय काटकुळा, दोरा सैल. या महिन्यात तोच दोरा कातडीत रुतला होता. त्याच्या वर आणि खाली मांस फुगून आलं होतं, दोरा जवळजवळ दिसत नव्हता. एका महिन्यात पोराचा पाय असा भरत नाही. मी बाकीचा फोटो पुन्हा बघितला. गाल वर आलेले होते, पण डोळ्यांखालीही फुगलं होतं. केस तांबूस आणि विरळ.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. दोन्ही पावलांवर अंगठा दाबायचा, तीन सेकंद धरायचा, सोडायचा. खड्डा राहिला तर ती सूज. आणि उपाशी पोराच्या अंगावर सूज आली, तर ते पोर बारीक पोरापेक्षा जास्त धोक्यात असतं. नोकरीत इतकी वर्षं मी हे नव्या सेविकांना फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. आणि त्याच सुजेला मी "बाळसं" म्हणाले होते. मला माझीच शरम वाटली.

मी सेविकेला फोन लावला. "ताई, आत्ताच्या आत्ता गुऱ्हाळावर जा. पोरीच्या दोन्ही पायांवर अंगठा दाबून बघा."

"मॅडम, हात लावायचा न्हाई म्हणला व्हता तुम्ही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

"लावा. मी सांगते ना, लावा."

गुऱ्हाळ तिच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. मी तो अर्धा तास घरात येरझाऱ्या घातल्या. सासूबाईंनी दोनदा विचारलं काय झालं, मी दोनदा त्यांच्यावर खेकसले. मग फोन वाजला.

"मॅडम, खड्डा पडला. भरंना."

मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन केले. त्या दिवशी सगळ्या गाड्या साथीच्या रुग्णांमागं होत्या, संध्याकाळपर्यंत बघतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. पास गळ्यात अडकवला, तोंडाला मास्क लावला आणि स्कूटी काढून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी सेविकेला सांगितलं होतं की मायलेकींना घेऊन पुलापर्यंत या.

पुलाच्या पलीकडच्या तोंडाला गावानं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. फांद्यांमागं खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गळ्यातला गमछा तोंडाला बांधून. त्यांच्या मागं, बऱ्याच अंतरावर, सेविका आणि ती आई उन्हात उभ्या होत्या. पोरगी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती.

"आप्पा, फांदी सरकवा. बाळाला दवाखान्यात न्यायचंय."

"तुमी शिरूरच्या ना? शिरूरकडचं माणूस आत न्हाई घ्यायचं, ठरलंय गावाचं."

"मला आत यायचंच नाही. त्यांना बाहेर सोडा."

"सोडतो की. पर गेलेलं माणूस माघारी न्हाई घ्यायचं. त्ये बी ठरलंय."

आईला मराठी बोलता येत नसलं तरी समजत होतं. ती तिथूनच म्हणाली, "मैडम, हम नहीं जाएँगे. अस्पताल में बीमारी है. और वापस नहीं आने देंगे तो हम कहाँ रहेंगे?" तिचा नवरा गुळाच्या कढईवर कामाला होता, गाव सोडलं तर त्याचं काम जाणार होतं.

माझा तोल गेला. मी तिच्यावर ओरडले, अख्ख्या पुलाला ऐकू जाईल असं. "इतका शिधा दिला, तो काय केला? पोरीला काय खायला घालत होतीस?"

तिनं आवाज चढवला नाही. "पैकेट सब लिया मैडम, फोटो भी खिंचवाया. गेहूँ पिसवाते कहाँ? चक्की बंद है. दाल पाँच-छे दिन में खतम हो गई. फिर चावल में गुड़ मिला के देते हैं."

 रुग्ण सापडायच्या आधीच, टाळेबंदी लागल्यापासून गावातली गिरण बंद होती. हे मला फोनवरून कळलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. खोपीच्या कोपऱ्यात आम्ही दिलेला गहू तसाच पिशवीत पडून होता. पोरीच्या पोटात महिनाभर नुसता भात आणि गूळ जात होता, आणि माझ्याकडं वाटप शंभर टक्के झालं होतं.

पोरगी एकदाही रडली नाही. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली. मी आप्पांकडं वळले. हात जोडायची मला सवय नाही, पण जोडले.

"आप्पा, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा तिच्या पायावर अंगठा दाबून बघा. मग काय ठरवायचं ते ठरवा."

"मी? हात लावू?"

"हो. नंतर साबणानं धुवा."

 ते उठले, गमछा नाकावर ओढला आणि त्या बाईपाशी गेले. पोरीचा पाय हातात धरला. दावणीच्या जनावराचं दुखणं हातानं ओळखणारा माणूस, त्यांना कसं दाबायचं ते सांगावं लागलं नाही. अंगठा उचलून ते त्या जागेकडं बघत राहिले. पाण्याची बाटली मागून हात धुतला. मग फांदीचा बुडखा धरून स्वतःच बाजूला ओढला, काटे हाताला लागले तरी.

"जावा," ते आईला म्हणाले. "माघारी आलीस की शाळंच्या खोलीत ऱ्हायचं चौदा दिस. डबा माझ्या घरनं यील. मंग जा गुऱ्हाळावर." आणि सेविकेला म्हणाले, "गिरणवाल्याला म्या सांगतो. उद्यापास्नं सकाळी दोन तास चालू ठिवंल."

आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिनं काय ठरवलं ते मला कळलं नाही, पण ती चालत आली आणि स्कूटीवर माझ्या मागं बसली. आमच्या दोघींच्या मध्ये पोरगी. महिनाभर मी सगळ्यांना सहा फूट लांब राहा म्हणून बजावत होते आणि आता त्या पोरीचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. मध्ये तो लागेनासा झाला की मी गाडी हळू करून मागं विचारायचे, "ठीक है?" आई म्हणायची, "साँस ले रही है." असं किती वेळा विचारलं ते आठवत नाही.

शिरूरला डॉक्टरांनी तिला बाहेर ओट्यावरच तपासलं. त्यांनीही आधी अंगठाच दाबला. "आज आणलं ते बरं केलं," एवढंच म्हणाले आणि साथीच्या रुग्णांपासून वेगळ्या असलेल्या खोलीत मायलेकींना दाखल केलं. मी घरी येऊन अंगणातच अंघोळ केली आणि पुढचे कितीतरी दिवस सासूबाईंपासून लांब, ओसरीवर झोपले.

चार-पाच दिवसांनी आईचा दवाखान्यातून फोन आला. ती रडत होती. "मैडम, मेरी बच्ची आधी हो गई." पोर अर्धं झालं म्हणते, म्हणून मी घाबरून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सूज उतरतेय, आता खरं पोर दिसायला लागलंय, इथून पुढं वाढेल. आधी बारीक होऊ द्या. हे मी त्या आईला कसं सांगितलं, ते माझं मलाच ठाऊक. "दुबली दिख रही है, मतलब अच्छी हो रही है." तिनं ते मानलं, कारण पोरगी त्या सकाळी पहिल्यांदा खायला मागून रडली होती.

सूज पुरती उतरल्यावर मायलेकी दवाखान्यातून गावात परतल्या, आणि आप्पांनी शब्द पाळला. शाळेच्या खोलीत चौदा दिवस डबा आला. गिरण सुरू झाली. सेविका रोज व्हरांड्याबाहेरून पोरीला बघायची आणि मला कळवायची. मी आता तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प बसायला शिकत होते.

ते चौदा दिवस संपायच्या आतच वरच्या कार्यालयातून फोन आला. मी पाठवलेला फोटो त्यांना फार आवडला होता. साथीच्या काळातही आपली बालकं कशी सुदृढ आहेत, हे दाखवायला तो अहवालाच्या पहिल्याच पानावर घेणार होते. मोठ्या आकारात पाठवा म्हणाले.

मी सांगितलं, "साहेब, तो फोटो घेऊ नका. ते बाळसं नाही, सूज आहे. चूक माझी आहे." मग सगळं सांगितलं. गिरण, गूळ-भात, पूल, दवाखाना.  साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मग दुसरा फोटो द्या."

त्या दिवशी सकाळीच सेविकेनं एक फोटो टाकला होता. मी मागितला नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात पोरगी आईचा हात सोडून आपली आपण उभी होती. गाल बसलेले, बरगड्या दिसतायत, हातात चपातीचा तुकडा. डाव्या पायातला काळा दोरा पुन्हा सैल होऊन पावलावर आला होता. मी तोच पाठवला. खाली लिहिलं, "हे तेच बाळ. आता बरं आहे."

दहा मिनिटांत उत्तर आलं. "हा नको मॅडम. यात बाळ बारीक दिसतंय."