शातोचा बुरूज

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात एका आर्किटेक्ट साहेबांच्या ऑफिसात मी नकाशे काढायचो. वय सव्वीस, आणि डोक्यात हवा भरपूर. एका दुपारी गांधीबागेतले एक कापडाचे शेठजी परदेशी कॅलेंडर काखेत मारून आले. त्यावर फ्रान्सच्या खेड्यातला जुना शातो होता, म्हणजे तिकडच्या जमीनदाराची गढीच म्हणा ना. पांढरा दगड, कोपऱ्यावर गोल बुरूज, बुरुजावर उंच निमुळती टोपी आणि भोवती पाण्याने भरलेला खंदक. कुहीच्या रस्त्याला शेठजींचं शेत होतं, तिथे त्यांना अगदी अस्संच घर हवं होतं.

"खंदक पन पाहिजे," ते म्हणाले. "बिना पान्याचा महाल म्हनजे बिना काठाचं लुगडं."

साहेबांकडे अशा शातोंवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. फ्रेंच कुणालाच येत नव्हतं, म्हणून मी नुसती चित्रं पाहिली. हे बुरूज मुळात लढाईचे. भिंतीत माणूस आडवा झोपेल इतकी जाडी. पुढे लढाया संपल्या, तेव्हा बाण मारायच्या फटी रुंद करून त्यांच्या खिडक्या झाल्या. छपरं लाकडी सांगाड्यावर पातळ दगडी पाट्यांची, बर्फ घसरून जावं म्हणून उभट. एका पानावर बुरुजाचा उभा छेद होता. भिंत जमिनीत खोल खोल उतरत थेट खडकावर टेकली होती. मी ते पान उलटलं. शेठजींना दर्शनी बाजू हवी होती आणि मलाही तीच काढायची घाई होती. माझा पहिला स्वतंत्र नकाशा होता तो. साहेबांनी नकाशातला बुरूज पाहून पाठ थोपटली आणि सही केली.

कामावर मिस्त्री म्हणून माझे वडीलच होते. तीस वर्षांत मातीखालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय त्यांनी एकही पाया भरला नव्हता. आमच्याकडच्या काळ्या मातीचा काय भरवसा? पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते.

"मुरूम लागला नाही अजून," बाबा खड्ड्यातून वर बघत म्हणाले.

"नक्शात पाच फूट हाये, बाबा."

"पाच फूट कोनी काढले?"

"म्या."

त्यांनी कुदळ खड्ड्याबाहेर ठेवली. मग म्हणाले, "तू काढले तं बरोबरच असन."

दुसऱ्या कुणाचा नकाशा असता तर त्यांनी तो त्याच्या तोंडावर फेकला असता. मी शिकलेला होतो आणि त्यांचा लेक होतो, तिथेच घात झाला. वर टोपीचं तसं लाकूडकाम करणारा सुतार मिळेना, म्हणून मी ती काँक्रीटची ओतायला लावली. तेवढं ओझं त्या गोल भिंतीवर चढलं.

वैशाखात मोटर लावून खंदक भरला. बुरुजातली वरची खोली शेठजींनी सुनेसाठी ठरवली होती. ती तान्हं बाळ घेऊन तिथे राहायला येणार होती.

मी दर रविवारी जायचो. पहिल्या रविवारी बुरुजाचं दार लागेना. दुसऱ्या रविवारी भर उन्हात, कुणी हात न लावता, वरच्या खिडकीची काच तडकली. बुरूज जिथे घराला भिडतो तिथे ओल्या गिलाव्याची पट्टी दिसली. पुढच्या रविवारी पट्टी पुन्हा ओली होती, आणि रुंद. त्या उन्हात सावली बुरुजाचीच होती, तरी मजूर आपापले डबे घेऊन उन्हात जाऊन बसले.  

मी बाबांच्या थैलीतून ओळंबा काढला, वर गेलो आणि आतून घराकडच्या भिंतीवर सोडला. खाली पोचेपर्यंत दोरी भिंतीपासून चार बोटं सुटली. खंदकाचं पाणी पायाखालच्या काळ्या मातीत मुरून बुरूज खंदकाकडे कलला होता. बाहेरून मात्र बुरूज सरळ दिसत होता. बाबांनी घराकडची भेग लिंपून आणि खंदकाकडच्या बाजूला खाली गिलाव्याचे थरावर थर चढवून तो सरळ दाखवला होता.

"काहून सांगितलं नाही?" मी ओरडलो.

"तुहा पयलाच नक्शा होता ना गा," ते खाली बघत म्हणाले. "वाटलं, माती बसन आपोआप."

तेवढ्यात शेठजींची गाडी आली. सून बाळाला कडेवर घेऊन हसत जिन्याकडे निघाली, तिला तिची खोली पाहायची होती. बाबा दोन्ही हात पसरून दारात आडवे झाले.

"वर कोनी जायचं नाही. बुरूज कलून राहिला."

"काहून?" शेठजींचा चेहरा उतरला. "कोनाची चूक हाये?"

मी तोंड उघडलं. पण बाबा आधी बोलले, "माही. पाया म्या कमी खोदला. पोराच्या नक्शात बरोबर होतं."

शेठजी माझ्याकडे वळले. "खरं काय?"

"हो," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी बुरूज खंदकात गेला. खाली कुणी नव्हतं. त्यानंतर बाबांना पाया घालायला नागपुरात कुणी बोलावलं नाही. ते लोकांच्या घरी चुना मारायला जाऊ लागले. मी मात्र त्याच ऑफिसात टिकलो, पुढे वाढलोही. पुढची अकरा वर्षं आम्ही रोज शेजारी बसून जेवलो. चूक माझी होती, हे मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. त्यांना ते ठाऊकच आहे, मग म्हणायची काय गरज, असं मी स्वतःला सांगत राहिलो.