टाकीतलं पाव पाणी

अग्निशमनाच्या गाडीच्या या ड्रायव्हरला सगळे रिव्हर्स म्हणत. आग कुठलीही असो, गडी आधी गाडी वळवायचा, तोंड रस्त्याकडे करायचा आणि मगच पाईप सोडू द्यायचा.

"आग तिकडं आणि तुझं तोंड इकडं," जोडीदार टिंगल करायचे.

"मला परत यायचंय," एवढंच तो म्हणायचा.

दुसरा हट्ट पाण्याचा. टाकीतलं शेवटचं पाव पाणी घरांसाठी नाही, आपल्या माणसांसाठी. बावीस वर्षांत त्यानं त्या पाण्याला कुणासाठी हात लावू दिला नव्हता.

त्या दुपारी डोंगरावरचा वणवा उतरला तो थेट त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरावर. गल्ली एकच, पुढं बंद. भिंतीला चिकटून वाळक्या सरपणाची थप्पी. ती हलव म्हणून त्यानं तीन वर्षं जीभ झिजवली होती. "तू तुझी गाडी सांभाळ," हे तिचं ठरलेलं उत्तर. आताही घर सोडेना, तेव्हा दंडाला धरून त्यानं तिला गाडीत बसवलं.

तीन जोडीदार अर्धा तास झुंजले. मग वारा फिरला, थप्पी पेटली, वळचणीनं जाळ धरला. टाकीचा काटा पावावर आला.

"बंद करा. पाईप गुंडाळू नका, तोडा."

वायरलेसवर साहेब तडकले, "टाकी रिकामी कर. मागून टँकर येतोय."

"कुठं पोचलाय?"

"निघतोय."

"म्हणजे अजून निघाला नाही. मी निघालो."

"अरे, सख्ख्या बहिणीचं घर आहे ते."

"हे तिघंही कुणाचे तरी सख्खेच आहेत, साहेब."

बहीण काट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पाणी आहे की. भावाच्या टाकीत पाणी असून माझं घर जळतंय. वैरीसुद्धा असं करत नाही."

"ताई, काच वर घे."

गल्लीच्या मध्यावर दोन्ही बाजूंची कुंपणं पेटली होती. त्यानं टपावरचा फवारा गाडीवरच सोडला आणि धुरात गाडी घातली. मोठ्या रस्त्याला लागेस्तोवर रंगाला फोड आले होते, टायर करपले होते आणि काटा तळाला टेकला होता. जोडीदारांपैकी कुणी टिंगल केली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढं सरकवला. "चूक झाली असं लिहून दे."

त्यानं लिहिलं, 'पाईप मी तोडायला लावला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन.'

"हे बदल."

"खाली सही केलीय, साहेब. आता तुमची चौकशी लावा."

बहीण त्याच्याच घरी राहायला आली. जाणार कुठं? तीन दिवस तिनं त्याच्या बायकोमार्फत बोलणं चालवलं. चौथ्या दिवशी जेवताना तोंडावर म्हणाली, "हे मी जन्मभर तुला बोलून दाखवीन."

"दाखव. बोलायला तू आहेस, ऐकायला मी आहे. अजून काय पाहिजे?"

"घर पाहिजे."

त्यानं मान खाली घातली नाही.