लाल उजवीकडं, काळी डावीकडं

अख्ख्या भिलाईत लौकीचं, म्हणजे दुधी भोपळ्याचं, डोकं कोणतं अन् पाय कोणते याची काळजी करणारा एकच माणूस होता, अन् तो मले मामेसासरा म्हणून भेटला. माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. सारी नोकरी त्यायची जंगलात जमिनीले भोकं पाडण्यात गेली, कावून का खाण खोदाच्या आधी खाली काय हाय ते पाहा लागते, तं मशीन लावून दगडाची लांब कांडी वर काढते. कांडी तुटते. मंग कोणत्या तुकड्याचं तोंड वर होतं हे समजाले तिच्यावर दोन रेघा मारते, तुकडा सरळ धरला का लाल उजवीकडं, काळी डावीकडं. मामाजीनं जिंदगीभर ह्याच रेघा मारल्या, अन् रिटायर झाल्यावर दगड सुटले तं घरातल्या वस्तू धरल्या.

लौकी, शेवगा, ऊस, मेणबत्ती, काही सोडलं नाही. एक दिवस माझ्या लाटण्यावर रेघा. मी म्हटलं, "मामाजी, लाटणं तं दोन्हीकडून सारखंच राह्यते." तं म्हणे, "तुले सारखं दिसते पोरी. दगडबी सारखाच दिसते." खुर्सीपारच्या बाजारात ते घ्यायच्या आधीच भाजीवर पेन काढत, भाजीवाली वरडे, "ए कका, लउकी ल रंग देबे त कोन लेही?" रंगवलेली लौकी कोण घेईन म्हणे. माझं पोट्टं झालं तं बारशाच्या दिवशी त्याच्या तळपायावर दोन रेघा! शेजारच्या काकू हासू हासू बेजार, "अवं, तुह्या मामाजीले सांग, पोट्टं काही तुटून नाही राह्यलं." मामाजी शांतपणे म्हणे, "पाळण्यात उलटं फिरते ना? मंग."

पण खरी गोष्ट भिंतीवरच्या पट्टीची हाय. खाकी कागदाची माणसाएवढी लांब पट्टी, दोन्ही कडेला ह्याच लाल-काळ्या रेघा, अन् मधात दर सालची एक आडवी रेघ. देशात त्या साली खनिज शोधाले किती खर्च झाला ते. खर्च जास्त तं रेघ लांब, कमी तं आखूड, अन् नवं साल खाली, कावून का भोक पाडताना नवा तुकडा खालूनच येते. साल नाही, आकडा नाही. "आकडे लिहिले का माणसं भांडते," म्हणे. खनिज तेलाची पट्टी वेगळी, दारामागं. तेलवाल्याइवर त्यायचा राग होता. "भाव चढला का समुद्रातबी भोकं पाडते, अन् भाव पडला का पयले शोधाचाच पैसा कापते. आमचे खनिजवालेबी तसेच. चालती खाण कोणी बंद नाही करत पोरी. जे अजून दिसलंच नाही, त्याचा पैसा पयले कटते."

हे मी कान देऊन आयको, कावून का माझा नवरा तेच काम करे, जंगलात मशीनवर, ठेकेदाराकडं. दर साली ठेका नवा. खर्च घटला का कॅम्प बंद, अन् फोन तिथं लागत नाही, पोट्टं तीन महिन्याचं, अन् मी आठवी शिकलेली, पेपर घेतला तं अक्षरं एकमेकात घुसते. म्हणून मामाजी चहाच्या टपरीवरून पेपर वाचून आले का मी दारातच विचारो, "मामाजी, यंदा?" ते म्हणत, "वाढून राह्यला." अन् पट्टी दाखवत. खरंच, वरून आखूड अन् खाली येता येता लांब. मी मंग भाकरी टाको.

एक दिवस सकाळी पोट्ट्याले पायावर घेऊन तेल लावून राह्यली होती, नजर समोर पट्टीवर. त्याचा तळपाय पाह्यला, रेघा मामाजीनं कालच पुन्हा मारल्या होत्या, लाल उजवीकडं. मंग पट्टी पाह्यली. लाल डावीकडं होती.

माझा हात थांबला. ज्या माणसाले उलटी लौकी सहन होत नाही त्यानं पट्टी उलटी टांगली. म्हणजे लांब रेघा जुन्या होत्या, अन् आखूड ह्या सालच्या. तेवढ्यात मामाजी थैलीत लौकी घेऊन आले. मी म्हटलं, "यंदा?"

"वाढून राह्यला."

"बरं," मी म्हटलं, अन् पोट्ट्याचा दुसरा पाय चोळला.

पंधरा दिवसांनी नवरा गादी खांद्यावर घेऊन आला. कॅम्प बंद. मामाजीनं स्टूल घेतलं अन् पट्टी काढाले चढले.

मी म्हटलं, "राहू द्या नं मामाजी."

"चूक हाय ते पोरी."

"माहीत हाय. लाल डावीकडं हाय."

त्यायनं खाली पाह्यलं. "कधीपासून?"

"तुमी लौकी आणली होती, त्या दिवसापासून."

ते स्टूलावरच बसले. मंग म्हणे, "बाळंतिणीचं दूध आटते भेवानं. चहा टाक."

आता नवरा कुम्हारीले पत्र्याच्या कारखान्यात जाते, रोज संध्याकाळी घरी येते. मामाजी उतईले आपल्या पोरीकडं असते, खाटेवरून उठणं होत नाही, चष्मा लागूनबी पेपर दिसत नाही. पेपरात बातमी आली असंल असं वाटलं का फोन करते. मी आता पेपर वाचते, हळूहळू, बोट ठेवून. यंदाची बातमी दोनदा वाचली, खर्च घटला होता.

"रेघ मारली का पोरी?"

"मारली मामाजी."

"लांब का आखूड?"

"लांब."

"लाल कोणत्या बाजूले हाय?"

पट्टी माझ्या समोरच होती, तशीच, आमी ती कधी फिरवलीच नाही.

"उजवीकडं," मी म्हटलं.