सफरचंदाच्या फुलांवर बर्फ

पाठीवर आपलं सामान आपणच घ्यायचं, हिमाचलातली एक खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, असा बेत मी आणि माझ्या नणंदेनं हिवाळ्यातच केला होता. मी मोहाडीला शाळेत शिकवते; ती लाखनीला हायवेलगत कापडाचं दुकान चालवते. दोघींनीही पन्नाशी गाठलेली. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे यायची आणि आम्ही पाठपिशव्यांत तांदूळ भरून तलावाच्या पाळीवर चकरा मारायचो. एकदा ओळखीच्या एकानं विचारलं, "मॅडम, तांदूळ विकून राहिल्या का?" नणंद शांतपणे म्हणाली, "नाही जी, फिरवून राहिलो."

मेच्या सुरुवातीला निघालो तेव्हा घरी कूलरसमोरून उठवत नव्हतं. डोंगराच्या पायथ्याच्या गावी पोचलो, रात्री मुक्काम केला आणि सकाळी दार उघडलं तर अंगण पांढरं. गाईड आला तो मान हलवतच. एवढ्या उशिरा असा बर्फ सहसा पडत नाही, म्हणाला. पण वर खिंडीत कमरेइतका साचलाय, नेणार नाही. खिंडीसाठीच आलेली बाकीची मंडळी कुरकुरत खालच्या शहरात फिरायला निघून गेली. आमचं परतीचं रिझर्व्हेशन पुढच्या आठवड्याचं होतं. मी खाटेवर बसून राहिले. इतके महिने पाय तयार केले ते कशासाठी, असं वाटत होतं.

नणंद बाहेर चक्कर मारून आली. "वहिनी, चाल लवकर. यांच्या झाडायले बहर आला हाय, अन् त्याच्यावरच बर्फ बसला. सारे लोक झाडून राहिले."

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई आपल्या बागेत होत्या, सोबत त्यांचे सासरे. सफरचंदाच्या फांद्या ओझ्यानं वाकलेल्या, मध्येच गुलाबी फुलं डोकावत होती. लांब काठीला फडकं गुंडाळून ते फांदी खालून अलगद हलवत होते. जोरात हलवलं तर फूल गळतं, नाही हलवलं तर फांदीच मोडते. बाईंचा चेहरा मी ओळखला. कापलेल्या धानाच्या कडपा शेतात पसरलेल्या असताना अवकाळी पाऊस आला की माझ्या आईचा व्हायचा तसाच. तेव्हा घरातलं कुणी बसून राहत नसे.

मी काठी मागितली. बाई संकोचल्या. तुम्ही पाहुण्या, म्हणाल्या. नणंद आपल्या हिंदीत म्हणाली, "हम भी किसान के घर के हैं।" मग त्यांनी काठ्या दिल्या.

दुपारपर्यंत आम्ही झाडं झटकत होतो. बर्फ मानेवरून पाठीत घुसायचा, बोटं बधिर व्हायची, मग चुलीशी जाऊन चहा प्यायचा आणि पुन्हा बाहेर. सासरे कमी बोलायचे, पण मी फांदी नीट हलवली की "ठीक" म्हणायचे. दोनचार फांद्या मोडल्याच. ऊन पडल्यावर बाई फुलं उलटून पाहत फिरल्या. बरीचशी काळवंडली होती, बरीचशी शाबूत होती. "काही तरी येईल," त्या म्हणाल्या आणि आम्हाला जेवायला बोलावलं.

उरलेले दिवस तिथंच गेले. सकाळी बागेत काम, दुपारी उन्हात बसणं. नणंदेनं बाईंना आपल्याकडची तांदळाची भाकर थापून दाखवली; सासऱ्यांनी तीन खाल्ल्या. निघायच्या आदल्या दिवशी गाईड आम्हाला बर्फाच्या कडेपर्यंत घेऊन गेला. तिथून खिंड दिसत होती, दूर, चकचकीत. मला वाटलं होतं, पाहून वाईट वाटेल. वाटलं नाही. नणंद दगडावर बसून गूळ-शेंगदाणे खात होती.

"पुढच्या वर्षी जायचं का वर?" मी विचारलं.

"पाहू," ती म्हणाली. "आधी यांची सफरचंदं केवढी होतात ते पाहू."

सप्टेंबरात बाईंचा फोटो आला. फळं थोडी होती, पण लाल होती.